वज्रांग पंथ : भूमिकाखेळातील वीजधारी मल्लाच्या एका घरगुती उपवर्गाची रचना

प्रास्ताविक :

टेबलाभोवती बसून, तोंडी कथन आणि फाशांच्या आधारे खेळला जाणारा कल्पनारम्य भूमिकाखेळ आपल्याकडील महाविद्यालयीन वर्तुळात अद्याप फारसा परिचित नाही. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकी रचनाकारांनी १९७४ मध्ये प्रसिद्ध केलेला 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा या प्रकारातील आद्य खेळ होय. यात एक सूत्रधार असतो आणि बाकीचे खेळाडू प्रत्येकी एक पात्र धारण करतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपापल्या पात्राची कृती सांगतात आणि ती कृती साधली की फसली याचा निर्णय वीस बाजूंचा फासा करतो. पट असतो, परंतु तो अनिवार्य नसतो. कोणी एक जिंकत नाही, कोणी एक हरत नाही. कथा पुढे जाते, एवढेच.

मोखाडा तालुक्यातील खोडाळा व परिसरातील वाड्यापाड्यांवरून येणाऱ्या पाच विद्यार्थ्यांबरोबर प्रस्तुत लेखकाने हा खेळ मराठीतून खेळून पाहिला. प्रारंभीचा हेतू मर्यादित होता. वर्गात तोंड न उघडणाऱ्या मुलांनी सलग पाच वाक्ये बोलावीत, इतकाच. मात्र खेळता खेळता एका विद्यार्थ्याला आपले पात्र वीज धारण करणारा मल्ल असावे असे वाटले. मूळ नियमांत तसा पर्याय नेमका नव्हता, म्हणून आम्ही तो स्वतः रचण्यास घेतला. त्या रचनेत कोणते प्रश्न उभे राहिले, आपल्या परंपरेतून कोणती सामग्री हाती आली आणि कोणती जाणीवपूर्वक बाजूला ठेवावी लागली, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

वर्ग, उपवर्ग आणि 'घरगुती' नियम :

या खेळातील प्रत्येक पात्र एका पात्रवर्गाचे असते : योद्धा, जादूगार, पुरोहित, चोर इत्यादी. शस्त्राविना हातापायांनी लढणाऱ्या 'मंक' या पात्रवर्गाचा समावेश १९७५ च्या 'ब्लॅकमूर' या पुरवणीत प्रथम झाला. कुंग फू चित्रपटांची पाश्चात्त्य देशांत लाट आलेली होती तो हा काळ. त्यामुळे या वर्गाची संपूर्ण कल्पना पूर्व आशियाई मठांच्या चित्रपटीय प्रतिमेवर बेतलेली आहे. आपल्या तालमीचा तिला वारा लागलेला नाही.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मंक पात्र तिसऱ्या पातळीवर एक उपवर्ग निवडते आणि त्या उपवर्गाची वैशिष्ट्ये त्याला तिसऱ्या, सहाव्या, अकराव्या व सतराव्या पातळीवर मिळतात. ही चार घरे ठरलेली आहेत. उपवर्ग रचणे म्हणजे ही चार घरे भरणे होय. शब्दांत हे सोपे दिसते.

खेळाडूंनी स्वतः रचलेल्या अशा नियमांना इंग्रजीत जो शब्द रूढ आहे, त्याचा मूळ अर्थ घरी केलेली दारू असा आहे. मोहाच्या झाडांच्या या प्रदेशात तो शब्द कोणाला समजावून सांगावा लागला नाही. लेखात मात्र 'घरगुती' हाच सभ्य पर्याय वापरला आहे. असे नियम रचण्यास कायद्याची अडचण आहे काय, हा प्रश्न सहकारी प्राध्यापकांकडून हमखास येतो. पाचव्या आवृत्तीच्या मूलभूत नियमांचा संच प्रकाशकांनी जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली खुला केला आहे. श्रेयनिर्देश करून त्याचे भाषांतर, रूपांतर व विस्तार करता येतो. मंकचा 'मोकळ्या हाताचा पंथ' हा एकच उपवर्ग त्या खुल्या संचात आहे, आणि आम्ही तुलनेसाठी मापदंड म्हणून तोच धरला.

परिभाषेचा एक मुद्दा येथेच नोंदवणे इष्ट ठरेल. मंकच्या आंतरिक शक्तीला मूळ नियमांत 'की' म्हणतात. मराठीत हा शब्द वापरला की वाक्य कोठे तुटते आणि कोठे जोडले जाते हेच कळेनासे होते. (मागील वाक्यच पाहावे.) आम्ही 'ओज', 'प्राण', 'तेज' असे शब्द चाचपून पाहिले. अखेर एका विद्यार्थ्याने 'दम' हा शब्द सुचवला आणि तो सर्वांना पटला. दम लागतो, दम टिकतो, दम खातात, दम देतात. तालमीतला हा शब्द कोणत्याही संस्कृत प्रतिशब्दापेक्षा अधिक काम करतो. मूळ प्रकाशकांनीही २०२४ च्या सुधारित ग्रंथात 'की' सोडून एकाग्रता या अर्थाचा शब्द घेतला आहे, तेव्हा आपण हट्ट धरण्याचे कारण नव्हते. पातळी जितकी तितके दम, आणि थोडी विश्रांती घेतली की ते परत मिळतात, हा मूळ नियम आम्ही तसाच ठेवला.

वज्र या शब्दाचे दोन अर्थ :

विजेशी नाते सांगणारा मल्ल आपल्या परंपरेत आहे काय, याचा शोध घेताना प्रथम दृष्टीस पडते ती 'वज्रमुष्टी'. मुठीत शिंगाचे किंवा हस्तिदंताचे टोकदार आयुध धरून खेळली जाणारी ही मल्लविद्या ज्येष्ठी मल्लांची. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या 'मानसोल्लास' या बाराव्या शतकातील ग्रंथात मल्लविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे. मराठीच्या अध्यापकांना हा ग्रंथ त्यातील प्राचीन मराठी रचनेमुळे परिचित असतो, मल्लांमुळे नव्हे. एकोणिसाव्या शतकात खंडेराव गायकवाडांच्या बडोद्यात हातात शिंगाची नखे बांधून होणाऱ्या कुस्त्यांचे वर्णन लुई रूसले या फ्रेंच प्रवाशाने केले आहे. म्हैसूरच्या दसऱ्यात मुंडन केलेल्या मल्लांची वज्रमुष्टी झुंज होते. एकाच्या डोक्यातून रक्त आले की ती थांबवली जाते.

'वज्रमुष्टी' म्हणजे विजेची मूठ, असे धरून आमचा विद्यार्थी हरखून गेला. परंतु येथे थोडे थांबावयास हवे. वज्र म्हणजे इंद्राचे आयुध, म्हणजेच वीज. आणि वज्र म्हणजे हिराही. एका अर्थात आघात आहे, दुसऱ्यात कठीणपणा. मराठीने या दोहोंपैकी दुसरा अर्थ अधिक जपला असे दिसते. वज्रलेप, वज्रदेही, वज्रमूठ या सर्व शब्दांत न फुटणे, न सुटणे, न भेदले जाणे अभिप्रेत आहे. वीज उरली आहे ती 'वज्राघात' यासारख्या शब्दांत, आणि तेथेही ती शोकवार्तेचा अलंकार म्हणूनच. तेव्हा वज्रमुष्टीच्या नावात विजेपेक्षा टणकपणाच अधिक असण्याची शक्यता प्रस्तुत लेखकास वाटते.

या शब्दचर्चेने रचनेची दिशा बदलली, म्हणून ती येथे विस्ताराने दिली. विजेचा लढवय्या म्हटले की हातातून वीज फेकणारा वीर डोळ्यांसमोर येतो. चित्रपट आणि संगणकीय खेळ यांनी ते चित्र पक्के केले आहे. आपल्या कथांत मात्र वीज फेकतो तो इंद्र, आणि इंद्र कोणत्याही तालमीचा देव नाही. तालमीत असतो मारुती. वाल्मीकी रामायणातील कथेप्रमाणे सूर्याकडे झेपावलेल्या बाल मारुतीवर इंद्राने वज्र मारले आणि त्याची डावी हनुवटी भंगली. हनुमान हे नाव त्यावरून पडले. वज्रांग, आणि त्याचे लोकरूप बजरंग, हे नावही त्याच अंगाचे. ज्या देवासमोर आपले मल्ल मातीला हात लावून जोर-बैठका काढतात, त्याची ओळखच मुळी वीज अंगावर घेऊन उरलेला अशी आहे.

दुसरी कथा आपल्या अधिक जवळची. भिवंडी तालुक्यात तानसा नदीच्या काठी वज्रेश्वरीचे देवस्थान आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसईचा किल्ला घेतल्यानंतर तेथील मंदिराची उभारणी झाली, हा इतिहास ठाणे-पालघर भागात सर्वश्रुत आहे. देवीच्या नावाची कथा तितकीच ज्ञात आहे. वसिष्ठांच्या यज्ञात आपल्याला आहुती मिळाली नाही म्हणून संतप्त झालेल्या इंद्राने वज्र टाकले आणि देवीने ते गिळून टाकले. येथेही वीज फेकणारा एक आहे आणि पचवणारी दुसरी, आणि पूजा पचवणारीची होते.

म्हणून आमच्या उपवर्गाचे नाव 'वज्रांग पंथ' असे ठरले, आणि वीज फेकणे हे त्याचे मुख्य लक्षण राहिले नाही.

बोहाड्याचा प्रश्न :

जव्हार-मोखाड्यात राहून सोंगांचा विचार करावयाचा आणि बोहाड्याचे नाव काढावयाचे नाही, हे शक्य नव्हते. फाल्गुनापासून वैशाखापर्यंत गावोगावी होणाऱ्या या उत्सवात गणपती, सरस्वती, नरसिंह, वेताळ, भीम, रावण अशी मुखवट्यांची सोंगे संबळाच्या तालावर रात्रभर नाचतात, आणि अखेरीस जगदंबा महिषासुराचा वध करते. बाहेरून पाहणाऱ्याला हा तयार भूमिकाखेळ वाटावा. मुखवटा म्हणजे पात्रवर्ग, नाचाची चाल म्हणजे त्याचे वैशिष्ट्य, झुंज म्हणजे झुंज. प्रस्तुत लेखकालाही तसे वाटले होते, आणि पहिल्या मसुद्यात तशी एक यादी केलेली होती.

ती यादी विद्यार्थ्यांनी नामंजूर केली. सोंगाचा मान घराण्याकडे चालत येतो, त्यामागे नवस असतो, पाळावयाचे नेम असतात. फासा वाईट पडला म्हणून ते सोंग मार खाऊन पडले, असे कसे चालेल, हा त्यांचा प्रश्न होता. प्रश्न श्रद्धेचा आहे तसाच तो रचनेचाही आहे. बोहाड्यात झुंजीचा शेवट सर्वांना आधीच ठाऊक असतो आणि तो तसाच व्हावा यासाठी सारे गाव जागे राहते. भूमिकाखेळात शेवट कोणालाही ठाऊक नसतो आणि त्यासाठीच तो खेळला जातो. एका ठिकाणी भूमिका माणसाला निवडते, दुसऱ्या ठिकाणी माणूस भूमिका घडवतो. वरकरणी साम्य असलेल्या या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या तर दोन्हींची हानी होते, असे मत झाल्यामुळे बोहाड्यातील एकही सोंग आम्ही नियमांत घेतले नाही. मारुतीचे काय, असे कोणी विचारील. मारुती स्वतः खेळात नाही. त्याच्या तालमीतला एक पोरगा आहे, इतकेच.

तिसरी पातळी : वज्रमुष्टी

विद्यार्थ्यांचा पहिला मसुदा असा होता : मल्लाच्या प्रत्येक फटक्यास विजेची वाढीव इजा, एक सहाबाजू फासा. हे वाचावयास आकर्षक असले तरी हिशोब पाहावा. तिसऱ्या पातळीवरील मंक काठीने एक घाव घालतो आणि एक दम खर्चून हाताचे आणखी दोन. काठीची सरासरी इजा साडेसात आणि हाताची प्रत्येकी साडेपाच धरली, तर तिन्ही लागले असता एकूण साडेअठरा होते. प्रत्येक फटक्यास एक सहाबाजू फासा, म्हणजे सरासरी साडेतीन, वाढवला की त्यात साडेदहाची भर पडून बेरीज एकोणतीसवर जाते. एका ओळीच्या नियमाने पात्र दीडपटीहून अधिक बलवान झाले. बाकीच्या चौघांनी मग टेबलापाशी बसून काय करावे?

घरगुती नियमांतील सर्वांत सामान्य दोष हाच होय. नियम रचणारा आपल्या पात्राकडे पाहतो, टेबलाकडे पाहत नाही. आमच्यातील एका विद्यार्थिनीने हे फार नेमक्या शब्दांत मांडले : लग्नात एकट्यानेच नाचायचे असेल तर वऱ्हाड कशाला?

दुरुस्त नियम असा. मल्ल दम खर्चून जे दोन फटके मारतो, त्यांची इजा त्याच्या इच्छेनुसार विजेची धरली जाते. वाढत नाही, केवळ तिचा प्रकार बदलतो. असा फटका लागलेल्या शत्रूला त्याच्या पुढील पाळीच्या आरंभापर्यंत प्रतिक्रिया करता येत नाही. स्नायू आखडतात, हात उठत नाही. यास आधार मूळ नियमांतच आहे. 'शॉकिंग ग्रास्प' हा जादूगाराचा प्राथमिक मंत्र हेच करतो, आणि मोकळ्या हाताच्या पंथातही तीन पर्यायांपैकी एक हाच आहे. त्या पंथास तीन पर्याय आणि आपल्यास एकच, ही तूट भरून काढण्यासाठी लढाईबाहेरचे एक कौशल्य जोडले. या मल्लाला वीज चमकल्यापासून गडगडाट होईपर्यंतचा काळ मोजून वादळाचे अंतर आणि दिशा अचूक सांगता येते. ध्वनी एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे तीन सेकंदांस अंदाजे एक किलोमीटर. हे कौशल्य खरोखरच्या आयुष्यात कोणालाही, कोणत्याही पातळीशिवाय, उपलब्ध आहे.

सहावी पातळी : अंगी वीज

उपवर्गाचा प्राण येथे आहे आणि आमची सर्वांत मोठी चूकही येथेच झाली.

कल्पना सरळ होती. मंकला तिसऱ्या पातळीवर अंगावर येणारा बाण हाताने अडवण्याचे सामर्थ्य मिळते. दहाबाजू फासा, चपळाईचा गुण आणि पातळी यांच्या बेरजेइतकी इजा कमी होते. तोच हिशोब विजेस लावावा, आणि इजा शून्यावर आली तर वज्रेश्वरीच्या कथेप्रमाणे ती वीज पचून मल्लास एक दम परत मिळावा, असा नियम प्रस्तुत लेखकाने स्वतः लिहिला. लिहून झाल्यावर त्याविषयी काहीसा अभिमानही वाटला.

पुढच्याच बैठकीत मल्लाच्या विद्यार्थ्याने जादूगार मित्राला शांतपणे सांगितले, "मला हात लाव." जादूगाराने शॉकिंग ग्रास्प वापरला. हा मंत्र कितीही वेळा फुकट वापरता येतो. सहाव्या पातळीवर त्याची सरासरी इजा नऊ, आणि मल्लाची अडवण्याची किमान बेरीज अकरा. इजा शून्य, एक दम जमा. खेळातील एक फेरी सहा सेकंदांची असते. म्हणजे मिनिटभरात रिकामा मल्ल पूर्ण भरून निघतो, आणि हे दिवसभर चालू शकते. मोबाइल चार्जिंगला लावतात तसे ते दोघे भिंतीला टेकून बसले. टेबलावर हसू आवरेना. विद्यार्थ्याने नियम मोडला नव्हता. त्याने तो वाचला होता, आणि तो त्याच्या शिक्षकापेक्षा काळजीपूर्वक वाचला होता.

प्रथम सुचणारी दुरुस्ती म्हणजे 'शत्रूने टाकलेली वीज' असा शब्दप्रयोग करणे. पण शत्रू म्हणजे कोण, हे कोणी ठरवावयाचे? मित्राने तोंडदेखले भांडण केले तर तो शत्रू होतो काय? कायद्याच्या भाषेत अशा शब्दांवरून पिढ्यान्‌पिढ्या दावे चालतात. माणसाच्या हेतूवर आधारलेला नियम टेबलावर टिकत नाही, वेळेवर आणि मोजमापावर आधारलेला टिकतो. अखेर आम्ही दम परत मिळण्याचे कलमच काढून टाकले. आता पचवलेली वीज मल्लाच्या अंगात त्याच्या पुढील पाळीच्या अखेरपर्यंतच राहते. तोवर लागलेल्या एका फटक्यास ती एका फाशाची वाढीव इजा देते, नाही तर विरून जाते. साठवता येत नाही. मित्राकडून घेण्यात अर्थ उरत नाही, कारण ती देण्यात मित्राची पाळी वाया जाते. नियम लहान झाला आणि कथेशी अधिक प्रामाणिकही झाला. देवीने वज्र गिळले, ते कमरेला बांधून ठेवले नाही.

अकरावी पातळी : पायाखालची वीज

येथवर चाललेले काम खेळकर होते. अकराव्या पातळीशी आल्यावर मल्लाला 'जमिनीवर मूठ मारून सभोवतालच्या शत्रूंना विजेने पाडण्याची शक्ती' द्यावी, असे ठरत असताना सहसा न बोलणारा एक विद्यार्थी म्हणाला की हे खोटे आहे, वीज शत्रू पाहत नाही. त्याच्या घरची बैलजोडी झाडाखाली बांधलेली असताना एका वळवाच्या संध्याकाळी गेली होती. झाडापासून थोड्या अंतरावर उभा असलेला त्याचा भाऊ वाचला. आपल्याकडे कोणी विजेला शक्ती म्हणत नाही, असेही तो म्हणाला. नंतर बराच वेळ कोणी फासा उचलला नाही.

सह्याद्रीच्या माथ्यावरील या भागात वळवाच्या पावसात आणि पुन्हा भातकापणीच्या दिवसांत, परतीच्या पावसात, दुपारनंतर आभाळ भरून येते. त्या वेळी माणूस उघड्या खाचरात असतो, नाही तर नाचणी-वरईच्या उतारावर, आणि आडोसा म्हणून हाताशी असते ते झाड. वीज झाडावर पडली की प्रवाह बुंध्यातून उतरून जमिनीत चहूकडे पसरतो. केंद्रापासून जसजसे दूर जावे तसतसा दाब उतरत जातो, म्हणजे जमिनीवरील दोन बिंदूंत दाबाचा फरक असतो. दोन पाय या दोन बिंदूंवर असतील तर प्रवाह एका पायाने शिरून दुसऱ्याने बाहेर पडतो. पायांतील अंतर जितके अधिक तितका फरक अधिक. गुराचे पुढचे आणि मागचे पाय माणसाच्या पावलांपेक्षा कितीतरी दूर असतात आणि प्रवाहाच्या वाटेत त्याचे काळीज येते. बैलजोडी गेली आणि भाऊ वाचला, याच्या कारणांत हे एक असू शकते. विद्यार्थ्याला ते प्रथमच कोणी सांगत होते. त्याच्या घरी इतकी वर्षे दुसरीच कारणे सांगितली गेली होती, आणि त्यांपैकी एकात शेजाऱ्याचे नाव होते.

यानंतर नियम विद्यार्थ्यांनी लिहिला, प्रस्तुत लेखकाने केवळ आकडे बसवले. मल्ल तीन दम खर्चून भूमीवर मूठ मारतो. पंधरा फुटांच्या आतील प्रत्येकाला, मित्र असो वा शत्रू, चपळाईची बचावफेक करावी लागते. फसल्यास सहा सहाबाजू फाशांची, म्हणजे सरासरी एकवीस, इजा होते आणि साधल्यास निम्मी. चतुष्पाद प्राण्यास दोनदा फासा टाकून त्यातील कमी अंक घ्यावा लागतो. ज्याला फाशावर विसंबायचे नाही, त्याने आपली प्रतिक्रिया खर्चून दोन्ही पाय जुळवून उकिडवे बसावे. त्याला निम्मीच इजा होते, मात्र पुढील पाळीत त्याला जागचे हलता येत नाही. स्वतः मल्लालाही निम्मी इजा होते आणि ती त्याने सहाव्या पातळीवरील सामर्थ्याने पचवावयाची असते. तुलनेसाठी सांगावयाचे तर जादूगाराचा अग्निगोल सरासरी अठ्ठावीस इजा करतो आणि त्याचा घेरही मोठा असतो. त्यामानाने हा नियम दुबळा आहे. तो तसाच ठेवावा, असे ठरले.

त्याला एक उपनियम जोडला. विजेने बेशुद्ध पडलेल्यास स्पर्श केल्यास आपल्यालाही झटका बसतो, अशी समजूत सर्वत्र आढळते, आणि ती घातक आहे. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात ती उरत नाही. त्याचे हृदय किंवा श्वास थांबलेला असू शकतो आणि त्या वेळी छाती दाबण्यास तत्काळ सुरुवात करणे हाच उपाय असतो. घरातील वीजवाहक तारेला चिकटलेल्या माणसाची गोष्ट वेगळी. तेथे आधी प्रवाह तोडावा लागतो. मराठीत दोन्हींना वीजच म्हणतात, त्यामुळे हा घोटाळा अधिक होतो. (आकाशातली आली की घरातली जाते, हा आमच्याकडील नित्याचा विनोद.) म्हणून खेळात विजेने कोसळलेल्या सोबत्याला सावरताना दोनदा फासा टाकून अधिक अंक घेता येतो, मात्र लगेच त्याच्यापाशी पोहोचले तरच. पुढील प्रसंगात जादूगाराची खेळाडू क्षणभरही न थांबता धावली. तीन महिन्यांपूर्वी ती हात लावावयास कचरली असती, असे तिनेच सांगितले.

भूमिकाखेळाने प्रबोधन होते असा दावा येथे करावयाचा नाही. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे 'दामिनी' हे मोबाइल उपयोजन विजेची सूचना देते आणि ते काम नियमपत्रकाचे नव्हे. खोडाळ्याच्या पुढे अनेक पाड्यांवर मोबाइलला संपर्कक्षेत्र मिळत नाही, तेथे तीन सेकंदांस एक किलोमीटर हा हिशोब तरी चालतो. चमकणे आणि गडगडणे यांत तीस सेकंदांहून कमी अंतर असेल तर पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, हा नियम आमच्या पत्रकाच्या मागील बाजूस छापलेला आहे. तेथे फाशाचा उल्लेख नाही.

सतरावी पातळी :

हे घर रिकामे आहे. मोकळ्या हाताच्या पंथाला या पातळीवर एका स्पर्शाने शत्रूस मृत्युमुखी धाडण्याचे सामर्थ्य मिळते, तेव्हा तोलामोलाचे काही द्यावयास हवे, हे खरे. आकाशातून वीज बोलावणे, स्वतः वीज होऊन शंभर फूट जाणे, मेलेल्या सोबत्याचे हृदय पुन्हा सुरू करणे, असे तीन प्रस्ताव विद्यार्थ्यांनी दिले आहेत. पहिला सर्वांत आधी फेटाळला गेला. तिसऱ्यावर मतभेद आहेत. बैलजोडी गेलेला विद्यार्थी त्याच्या बाजूने आहे आणि मल्लाचा खेळाडू विरोधात, कारण त्याच्या मते मेलेला परत येऊ लागला की विजेची भीती उरणार नाही. आमचा मल्ल सध्या बाराव्या पातळीवर आहे. पावसाळ्यात नदीनाले भरले की बैठका होत नाहीत, त्यामुळे निर्णयास दिवाळीपर्यंत अवकाश आहे.